तान्ह्या बाळाच्या रक्तातील जंतुसंसर्ग: घरापासून रुग्णालयापर्यंत काय करावे

जन्मापासून दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाच्या रक्तात जिवाणू शिरले, की आजार दिवसांच्या नव्हे, तासांच्या हिशेबाने वाढतो. सकाळी थोडेसे मलूल वाटणारे बाळ संध्याकाळपर्यंत निपचित पडू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे २३ लाख बाळे जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत दगावली. अकाली जन्म आणि जन्मावेळी श्वास गुदमरणे यांच्याबरोबर जंतुसंसर्ग हे त्या मृत्यूंचे मोठे कारण आहे, आणि हे मृत्यू बहुतांशी आफ्रिकेतील व दक्षिण आशियातील गरीब भागांत होतात. औषधे उपलब्ध असूनही बाळे दगावतात, कारण पहिले लक्षण दिसणे आणि पहिले इंजेक्शन मिळणे यांमध्ये फार वेळ जातो. हा वेळ कमी कसा करावा, हाच या लेखाचा विषय आहे. आशाताई, उपकेंद्रातील नर्स, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि बाळाच्या घरातली माणसे यांच्यासाठी तो लिहिला आहे. औषधांच्या मात्रा प्रशिक्षित कर्मचाऱ्यांसाठी आहेत. घरच्यांनी त्या स्वतः देऊ नयेत.

या विषयावर महाराष्ट्राचा हक्क आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची तपासणी आणि उपचार शिकवले. सेप्सिसचा, म्हणजे रक्तातील जंतुसंसर्गाचा, संशय आला की या आरोग्यदूत जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडावाटे प्रतिजैविक देत असत. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सेप्सिस झालेल्या बाळांमधील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले, आणि तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला. आज देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरी ज्या भेटी देतात, त्या योजनेचे मूळ या कामात आहे.

जोखमीचे बाळ आधीच हेरावे

प्रत्येक बाळाकडे लक्ष हवेच, पण काही बाळांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावी लागते. जन्मवजन अडीच किलोपेक्षा कमी असलेले, आणि विशेषतः दोन किलोपेक्षा कमी असलेले बाळ, ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेले बाळ, प्रसूतीच्या १८ तासांहून अधिक आधी पाणमोट फुटलेल्या आईचे बाळ, प्रसूतीच्या वेळी आईला ताप असल्यास किंवा गर्भजलाला दुर्गंधी असल्यास ते बाळ, जन्मताच न रडल्यामुळे पिशवीने श्वास द्यावा लागलेले बाळ, आणि आधीच काही दिवस रुग्णालयात राहून आलेले बाळ ही सर्व या वर्गात येतात. जन्माच्या दिवशीचे वजन कागदावर लिहून घेणे म्हणूनच औपचारिकता नव्हे; पुढे औषधाची मात्राही वजनावरूनच ठरते.

रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास आशाताईच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी ठरलेल्या असतात; घरी प्रसूती झाली असेल तर पहिल्या दिवसाची एक भेट वाढते. ही साखळी तुटण्याच्या दोन जागा आपल्याकडे ठळक आहेत. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते, तेव्हा सासरच्या आशाताईच्या यादीत तिचे नाव असते आणि माहेरच्या आशाताईला ती आल्याचे कळतच नाही. बीड, अहिल्यानगर या भागांतून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातले बाळ तर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, कोणत्याही यादीबाहेर जन्मू शकते. गरोदरपणाच्या आठव्या महिन्यातच, बाळंतपण जिथे होणार तिथल्या आशाताईला फोन करून नाव लिहायला सांगावे. एवढ्या एका फोनने सहा घरभेटी मिळतात.

तपासणीचा क्रम सांभाळावा

तान्ह्या बाळाच्या तपासणीत क्रमाला महत्त्व आहे, कारण बाळ रडू लागले की श्वास मोजता येत नाही आणि छातीही नीट पाहता येत नाही. म्हणून बाळाला हात लावण्यापूर्वी आईला विचारावे: बाळ कालच्यासारखे पिते का? रडण्याचा आवाज तसाच आहे का? दूध ओढण्याचे आईचे निरीक्षण हीच सर्वांत लवकर हाती लागणारी खूण असते. "काल भरभर ओढत होतं, आज तोंडात धरतं आणि सोडून देतं," असे आई म्हणाली, तर ते वाक्य तापमापकाच्या आकड्याइतकेच गांभीर्याने नोंदवावे. दुर्दैवाने घरात आणि दवाखान्यातही नेमके हेच बोलणे "पहिलंच बाळ आहे, घाबरलीय" म्हणून उडवून लावले जाते.

त्यानंतर बाळ शांत असताना, दूध पीत नसताना, अंगावरचे कापड वर करून पोट आणि छातीची हालचाल पाहावी आणि घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण या वयात श्वासाची लय एकसारखी नसते. काही क्षण थांबून मग भरभर श्वास घेणे हे निरोगी बाळातही दिसते. मोजणी ६० किंवा अधिक आली तर थोडे थांबून पुन्हा मोजावे, आणि दुसऱ्यांदाही ६० किंवा अधिक आली तर श्वास वेगवान समजावा. त्याच वेळी श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग खोल आत ओढला जातो का, म्हणजे ज्याला आपण 'पोट उडणे' म्हणतो ते दिसते का, हे पाहावे. बरगड्यांमधली त्वचा किंचित हलणे या वयात चालते. छातीचा खालचा भाग स्पष्टपणे आत जाणे चालत नाही.

मग काखेत तापमापक ठेवावा. टोक काखेच्या खोलगट भागात, दंड अंगाशी धरलेला, आणि डिजिटल यंत्राचा आवाज होईपर्यंत धीर. ३७.५ अंश सेल्सियस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त, तसेच ३५.५ सेल्सियस, म्हणजे ९५.९ फॅरनहाइटपेक्षा कमी, ही दोन्ही धोक्याची टोके आहेत. थंड पडलेले बाळ तापलेल्या बाळाइतकेच, पुष्कळदा अधिकच आजारी असते, आणि कमी वजनाच्या बाळाला सेप्सिसमध्ये ताप येतोच असे नाही. "अंगात ताप नाही, म्हणजे काळजी नाही" हा समज मोडून काढण्यासारखा आहे. बाळ उन्हात किंवा चार गोधड्यांत गुंडाळलेले असेल तर कपडे सैल करून सावलीत पुन्हा मोजावे. पण दुसरे एकही धोक्याचे लक्षण असेल तर त्या मोजणीसाठी थांबू नये.

शेवटी बाळ पूर्ण उघडून पाहावे. हातपाय आपणहून हलतात का, की तळव्याला टिचकी मारल्यावरच हलतात आणि लगेच थांबतात? उचलल्यावर अंग ढिले लोंबते का? टाळू फुगलेली आहे का? बेंबीच्या मुळाशी पू आहे का, आणि लाली आजूबाजूच्या कातडीवर पसरली आहे का? मान, काख आणि जांघेच्या घड्यांत पुवाच्या पुटकुळ्या आहेत का? दहा किंवा अधिक पुटकुळ्या किंवा एक मोठे गळू हे गंभीर लक्षण मानतात. पोट फुगून टणक झाले आहे का, बाळ वारंवार उलट्या करते का, तळहात आणि तळपाय पिवळे दिसतात का, हेही पाहावे. झटके या वयात मोठ्या माणसासारखे येत नाहीत: एकटक पाहणे, चघळल्यासारखे ओठ हलवणे, सायकल चालवल्यासारखे पाय फिरवणे, एवढेच दिसू शकते. नुसती थरथर असेल तर हात धरताच ती थांबते. झटका मात्र धरूनही थांबत नाही.

गडचिरोलीच्या कामातून निघालेली कसोटी अशी होती, की पिणे कमी होणे, रडणे क्षीण होणे, हातपाय ढिले पडणे, अंग थंड लागणे, उलट्या किंवा पोट फुगणे, छाती आत ओढली जाणे आणि बेंबीत पू होणे या सातांपैकी कोणतीही दोन लक्षणे एकाच वेळी दिसली, तर सेप्सिस गृहीत धरावा. जागतिक आरोग्य संघटनेची कसोटी अधिक सावध आहे: पिणे नीट न होणे, झटके, वेगवान श्वास, छाती खोल आत जाणे, ताप, अंग थंड पडणे आणि हालचाल मंदावणे यांपैकी एक लक्षणही पुरते. रुग्णालय जवळ असताना मी एकाच लक्षणावर निघण्याच्या बाजूने आहे. चार बाळे विनाकारण तपासून परत आली तरी चालेल.

लक्षण दिसल्यापासून पहिल्या इंजेक्शनपर्यंत

ठरले की निघावे. घुटी, धुरी, अंगारा, दृष्ट काढणे यांत जाणारा प्रत्येक तास बाळाच्या आयुष्यातून वजा होतो. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देण्याची 'डंबा' नावाची रूढी अजून पुरती गेलेली नाही. येथे हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, की पोट फुगणे हे सेप्सिसचेच लक्षण असू शकते. चटक्याने मूळ आजार तसाच राहतो आणि कातडीवर जंतूंना आणखी एक वाट मिळते. आजीला दोष देत बसण्यापेक्षा, तिला हे पोट पाहून घाबरावेसे वाटले ते बरोबरच होते, आता या घाबरण्याचा उपयोग गाडी बोलावण्यासाठी करू, असे सांगितलेले अधिक लागू पडते.

वाटेत उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र असेल, आणि मोठे रुग्णालय दूर असेल, तर पहिली मात्रा तेथेच द्यावी. भारत सरकारने २०१४ साली ठरावीक परिस्थितीत एएनएमनाही, म्हणजे उपकेंद्रातील नर्सनाही, जेंटामायसिन देण्याची मुभा दिली आहे. नेहमीची जोडी म्हणजे स्नायूत जेंटामायसिन आणि त्यासोबत ॲम्पिसिलिनचे इंजेक्शन, किंवा बाळ गिळू शकत असेल तर तोंडावाटे ॲमॉक्सिसिलिन. चूक होते ती बहुधा मात्रेत. समजा बाळ ३ किलोचे आहे आणि जेंटामायसिन किलोमागे ५ मिलिग्रॅम द्यायचे आहे. म्हणजे १५ मिलिग्रॅम. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या कुपीत २ मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४०. म्हणून बाळाला लागणारे औषध अर्ध्या मिलिलिटरपेक्षाही कमी, सुमारे ०.३७ मिलिलिटर भरते. हे ५ मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये मोजताच येत नाही. शतांश भागांच्या खुणा असलेली १ मिलिलिटरची सिरिंजच हवी, आणि युनिटच्या खुणा असलेली इन्सुलिनची सिरिंज वापरू नये. पहिल्या आठवड्यातील कमी वजनाच्या बाळाला किलोमागे मात्रा आणखी कमी लागते, म्हणून तक्ता भिंतीवर लावलेला असावा. टोचण्याची जागा मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूस, मध्यभागी. कुल्ल्यावर कधीही नाही. दिलेले औषध, मात्रा आणि वेळ चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी आईच्या हाती द्यावी.

वाटेतली काळजी

१०८ किंवा १०२ क्रमांकावरून गाडी मिळते, आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाची सरकारी रुग्णालयातील ने-आण, औषधे आणि तपासण्या मोफत आहेत. हे कुटुंबाला आधीच माहीत नसेल, तर पैशांची जुळवाजुळव करण्यातच रात्र जाते. बाळाबरोबर आई गेलीच पाहिजे. बाळाला टोपी आणि लंगोट घालून आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून दोघांना एका चादरीत बांधावे. गरम पाण्याची बाटली किंवा शेगडी जवळ ठेवू नये, भाजते. बाळ गिळत असेल तर अंगावर पाजावे किंवा काढलेले दूध वाटी-चमच्याने द्यावे, कारण आजारी बाळाच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते. झटके येत असतील किंवा बाळ शुद्धीवर नसेल, तर तोंडावाटे काहीही देऊ नये. पाठवणाऱ्याने पुढच्या रुग्णालयाला फोन करून खाट आहे का हे विचारलेच पाहिजे. एका दारावरून दुसऱ्या दारावर फिरणारी गाडी हा आपल्या व्यवस्थेचा जुना आणि न शोभणारा दोष आहे.

विशेष नवजात कक्षात काय व्हावे

प्रथम श्वास, ऊब आणि साखर. साखर ४५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचे द्रावण, किलोमागे २ मिलिलिटर शिरेतून दिले जाते. त्यानंतर, आणि शक्य तेथे पुढच्या प्रतिजैविकाच्या आधी, रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी. कातडी जंतुनाशकाने पुसून ती वाळू द्यावी, ओल्या कातडीत सुई घालू नये, आणि किमान १ मिलिलिटर रक्त घ्यावे. थेंबभर रक्त घेतले की जंतू असूनही अहवाल 'नाही' असा येतो. वाटेत दिलेल्या मात्रेमुळे कल्चर निष्फळ ठरण्याचा धोका असतो, हे खरे. तरीही दूरच्या रुग्णालयाकडे निघालेल्या बाळाची पहिली मात्रा त्यासाठी कधीही रोखून धरू नये.

कल्चरच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. बांगलादेश, भारत आणि पाकिस्तानात झालेल्या 'अनिसा' या मोठ्या अभ्यासात आधुनिक रेणवीय चाचण्या वापरूनही सुमारे तीनचतुर्थांश आजारी बाळांत कोणताही जंतू निश्चित करता आला नाही. म्हणून निगेटिव्ह अहवाल आणि ३६ ते ४८ तासांत पूर्ण सावरलेले बाळ या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर प्रतिजैविक थांबवावे. पण बाळ अजून आजारी असेल तर नुसत्या अहवालावर औषध बंद करू नये. मेंदूज्वराची शंका असल्यास कण्यातील पाणी तपासावे लागते. बऱ्याच घरांत त्याची धास्ती असते, तेव्हा डॉक्टरांनी बसून समजावून सांगावे: सेप्सिसचा उपचार साधारण ७ ते १० दिवसांचा, तर मेंदूज्वराचा तीन आठवड्यांपर्यंतचा असतो, आणि फरक कळला नाही तर उपचार अर्धवट राहतो.

कोणते औषध द्यावे हा प्रश्न दरवर्षी अवघड होत चालला आहे. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात झालेल्या अभ्यासात ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई-कोलाय हे प्रमुख जंतू आढळले, आणि ॲसिनेटोबॅक्टरच्या ८२ टक्के नमुन्यांवर अनेक प्रतिजैविके निष्प्रभ ठरली. बहुतेक संसर्ग जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतच उद्भवले होते. म्हणजे जंतू प्रसूतिगृहात किंवा नवजात कक्षातच बाळाला गाठत होते, असाच अर्थ लावावा लागतो. पाश्चात्त्य देशांत गाजणारा ग्रुप-बी स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू आपल्याकडे तुलनेने कमी आढळतो. त्यामुळे तिकडची औषधयोजना जशीच्या तशी उचलून चालत नाही. प्रत्येक कक्षाने स्वतःच्या सहा महिन्यांच्या कल्चरांची वही ठेवावी आणि पहिले औषध त्या वहीवरून ठरवावे. मेरोपेनेम आणि कोलिस्टिन ही राखीव ठेवायची प्रतिजैविके अहवाल हाती नसताना सवयीने सुरू करणे थांबायला हवे. सेफ्ट्रायाक्झोनही नवजात बाळात जपून वापरावे: कावीळ असलेल्या बाळाला किंवा शिरेतून कॅल्शियम चालू असलेल्या बाळाला ते देऊ नये.

जाणे शक्यच नसेल तर

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतील भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि असे तालुके जगभर आहेत. काही कुटुंबे सर्व समजावूनही नकार देतात. काँगो, केनिया, नायजेरिया, बांगलादेश आणि पाकिस्तानातील चाचण्यांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली अशा परिस्थितीसाठी सोपी योजना दिली: रोज एकदा जेंटामायसिनचे इंजेक्शन, २ किंवा ७ दिवस, आणि दिवसातून दोनदा तोंडावाटे ॲमॉक्सिसिलिन, पूर्ण ७ दिवस. सात दिवसांहून मोठ्या बाळात वेगवान श्वास हे एकमेव लक्षण असेल तर केवळ तोंडावाटे ॲमॉक्सिसिलिनवर घरी उपचार करता येतात. मात्र झटके, बेशुद्धी, अजिबात न पिणे, निळेपणा किंवा टाळू फुगणे असेल तर ही योजना पुरेशी नाही. तेव्हा पहिली मात्रा देऊन बाळ कसेही करून पुढे पोहोचवावे लागते. घरी उपचार चालू असताना रोज प्रत्यक्ष बाळ पाहावे, आणि नवे लक्षण दिसले किंवा बाळ खालावले तर पुन्हा पाठवण्याचा प्रयत्न करावा.

संसर्ग होऊच नये म्हणून

येथे थोड्याच गोष्टींचा पक्का आधार आहे. जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर पाजणे, चीक न फेकणे, मध आणि घुटी न देणे. नाळेवर हळद, राख, शेण, तेल काहीही न लावता ती कोरडी ठेवणे. जिथे असे पदार्थ लावण्याची रीत घट्ट आहे, तिथे पहिल्या आठवड्यात क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा उपयोग होतो, मात्र ते डोळ्यांत जाता कामा नये. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील २०२१च्या चाचणीत कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारू पद्धतीने छातीशी धरल्यामुळे मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. ओडिशातील ४,५०० हून अधिक बाळांवरील चाचणीत विशिष्ट लॅक्टोबॅसिलस या उपयुक्त जिवाणूने सेप्सिस आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी कमी झाले, पण दुकानात मिळणारी कोणतीही प्रोबायोटिक पुडी म्हणजे तेच औषध नव्हे. प्रसूतीच्या वेळी आईला ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक देण्याची कल्पना नागपूर आणि बेळगावसह अनेक ठिकाणी तपासली गेली. २०२३च्या निष्कर्षांनुसार त्याने आईचा संसर्ग कमी झाला, बाळाचा सेप्सिस किंवा मृत्यू मात्र कमी झाला नाही.

रुग्णालयाची जबाबदारी सर्वांत मोठी आहे. प्रत्येक बाळाला हात लावण्यापूर्वी २० ते ३० सेकंद हात चोळणे, एकाच सलाइनच्या बाटलीतून अनेक बाळांना औषध न काढणे, ऑक्सिजनच्या बाटलीतले पाणी नियमाने बदलणे, एका खाटेवर दोन बाळे न ठेवणे. यंत्रांपेक्षा या कामांना नर्सची संख्या लागते, आणि एका नर्सकडे दहा-बारा बाळे असतील तर हात धुण्याच्या पाट्यांनी काहीही होणार नाही.

घरी परतल्यावर

सुट्टीच्या कागदावर बाळाचे वजन, दिलेली प्रतिजैविके किती दिवस दिली ते, कल्चरचा अहवाल आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून घ्यावी, आणि तो कागद आशाताईला दाखवावा, म्हणजे तिच्या उरलेल्या भेटी पुन्हा सुरू होतील. दोन महिने पूर्ण होईपर्यंत वर सांगितलेली तपासणी घरात चालूच ठेवावी, कारण एकदा सेप्सिस झालेल्या बाळाला पुन्हा तो होऊ शकतो. जेंटामायसिन किंवा ॲमिकासिन मिळालेल्या, तसेच मेंदूज्वर झालेल्या बाळाची श्रवणचाचणी तीन महिन्यांच्या आत करून घ्यावी. ती जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र निदान व उपचार केंद्रात होते. लस देण्याच्या दिवशी मान धरणे, नजर फिरवणे, आवाजाकडे वळणे यांविषयी नर्सला मुद्दाम विचारावे.